भागीचं घोडं आणि चांदोदची नावडी

'भागीचं घोडं किवणानं मेलं' ही म्हण माझी आजी वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या वाड्याच्या सामाईक जिन्याबद्दल म्हणायची. जिना वापरणारी सहा बिऱ्हाडं, पण निखळलेली फळी बसवायला कोणी नाही. म्हण नीट ऐकली तर कळतं की घोडं उपाशी मेलेलं नाही. दाण्याचे पैसे सगळ्यांनी वेळेवर दिले असणार. पाठीवर जखम झाली, तिला रोज औषध लावायचं काम मात्र कोणाचंच नव्हतं.

आम्ही पाच मित्रांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये एक जुनी फायबरची होडी भागीत घेतली. तेव्हा सगळे पंचविशीच्या आतबाहेर, नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झालेले. होडी अजून चालू आहे आणि आम्ही पाचही जण एकमेकांशी बोलतो. मधलं एक वर्ष मात्र दोन्ही गोष्टी हातातून जाता जाता राहिल्या. वडोदऱ्यात किंवा आसपास कोणी मित्र मिळून असं काही घ्यायच्या विचारात असतील, तर आम्ही शिकलो ते पायरीपायरीने सांगतो. खर्चाची वाटणी सोपी असते. कष्टांची वाटणी कठीण, आणि होडी टिकते ती तिच्यावरच.

पाणी आधी, होडी नंतर

बहुतेक जण आधी होडी बघतात. तसं करू नका. होडी कोणत्या पाण्यात चालवणार, तिथे ती कोण सांभाळणार आणि तिथे परवानगी आहे का, हे आधी ठरवा.

विश्वामित्रीचा विचारही करू नका. शहरातून जाणाऱ्या त्या पात्रात मगरी आहेत, आणि ते त्यांचंच घर आहे. आजव्याचं सरोवर सयाजीरावांच्या काळात, १८९२ मध्ये, शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलं. तिथे आपली होडी न्यायची नाही. नर्मदेच्या कालव्यावर तर अजिबातच नाही. उतरत्या सिमेंटच्या भिंतींवर हात धरायला काही नसतं, ओढ जोराची असते, आणि पोहता येणारी माणसंही तिथून वर येऊ शकत नाहीत. उरतात मही आणि नर्मदा.

आम्ही डभोईच्या पुढचं चांदोद निवडलं, पन्नासेक किलोमीटरवर. वडोदऱ्याच्या मराठी घरांना चांदोद ठाऊक असतं ते अस्थिविसर्जनासाठी. माझ्या आजोबांच्या वेळी मीही तिथे नावेत बसलो होतो. नर्मदा आणि ओरसंग यांचा संगम तिथे आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या नावड्या चालवणारे नाविक तिथे आहेत. आमच्या दृष्टीने हा दुसरा मुद्दा जास्त मोलाचा. ज्या घाटावर पाण्याची नाडी ओळखणारा माणूस नाही, तिथे नवख्यांनी होडी बांधू नये.

नर्मदा तिथे शांत दिसते, पण वर सरदार सरोवर धरण आहे. नदीपात्रातलं १,२०० मेगावॉटचं वीजघर चालू झालं की पाणी वाढतं, बंद झालं की उतरतं. घाटावर आमची होडी सांभाळणाऱ्या नाविककाकांनी आम्हाला पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवली. घाटावर उतरल्या उतरल्या पाण्याच्या कडेला, अगदी ओल्या रेषेवर, एक खडा ठेवायचा. मग चहा घ्यायचा, सामान लावायचं. अर्ध्या तासाने खडा पाण्यात गेलेला दिसला तर त्या दिवशी होडी सोडायची नाही. अजूनही घाटावर पोचल्यावर आम्ही पहिलं काम हेच करतो.

परवानगीबद्दल थोडक्यात. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ चा इनलँड व्हेसल्स ॲक्ट आला आहे. इंजिनावर चालणाऱ्या होडीला त्याखाली नोंदणी, तपासणी आणि विमा लागतो. बिनइंजिनाच्या होडीची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थेकडे करायची तरतूद आहे. ग्रामपंचायतीत आणि तालुक्याच्या कचेरीत स्वतः जाऊन विचारा, आणि काय सांगितलं ते तारखेसकट लिहून ठेवा. माझं स्पष्ट मत आहे की पहिली दोन वर्षं इंजिन घेऊच नये. वल्ह्याने नदी कळते. शिवाय इंजिन आलं की खर्च, कागद आणि भांडणाची कारणं, तिन्ही दुपटीने वाढतात.

होडी बघताना

आमची होडी बारा फुटी, चार माणसांची. एका बंद पडलेल्या बोटिंगच्या जागेवरून घेतली. मालक पाच आणि जागा चारच, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही. तुम्ही घेताना ते मोजा.

जुनी फायबरची होडी भर दुपारच्या उन्हात, उलटी करून बघायची. रुपयाचं नाणं घ्या आणि दर चार बोटांवर ठोकत जा, संपूर्ण तळ. चांगल्या जागी टणटणीत आवाज येतो. आतले थर सुटले असतील तिथे थप्प असा बसका आवाज येतो, तिथे खडूने गोल करा. वरच्या रंगाला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा असतील तर घाबरायचं कारण नाही. एका बिंदूतून चांदणीसारख्या फुटलेल्या चिरा मात्र दणका बसल्याची खूण. नखाने खरवडून आत किती खोल गेल्या आहेत ते पाहा.

मागची उभी फळी, जिच्यावर इंजिन बसवतात, ती बहुधा आतून प्लायवूडची असते आणि वरून फायबर. तिच्यावर पायाने जोर द्या. दबली, किंवा स्क्रूच्या भोकातून तपकिरी पाणी झिरपलं, तर आतलं लाकूड कुजलं आहे. आमच्यापैकी कोणालाच हे माहीत नव्हतं आणि पुढे तीच फळी फुटली.

मग होडी सरळ करून एक बाजू झटकन उचला. बसायच्या पेट्यांमधून खळखळ ऐकू आली तर तरंगण्यासाठी बंद ठेवलेल्या जागेत पाणी शिरलं आहे. चार माणसांना उचलत नसेल तर आतला फोम पाणी प्यायला आहे. अशी होडी स्वस्तात मिळाली तरी सोडून द्या, कारण उलटली की ती तुम्हाला धरून ठेवणार नाही.

शेवटची परीक्षा सर्वांत सोपी आणि सर्वांत खरी. होडी विटांवर ठेवा आणि *आत* चार बोटं पाणी भरा. बाहेरून तळाखाली कागद पसरून तासभर थांबा. जिथे ठिबकेल तिथे पेन्सिलने खूण करा. विकणारा नको म्हणाला, तर तिथून उठा.

विकणाऱ्याकडून सहीचं विक्रीपत्र आणि ओळखपत्राची प्रत घ्या. आधीचा नोंदणी क्रमांक असेल तर तो कसा बदलायचा हे पैसे देण्याआधी ठरवा.

आमचा पहिला खर्च असा झाला. होडी आणि दोन वल्ही ३८,००० रुपये. छोटा हत्ती टेम्पोचं भाडं ३,५००. दुरुस्तीचं रेझिन, फायबरची मॅट आणि रंग ६,२००. सहा लाइफ जॅकेटं ८,४००. दोर, नांगर, पाणी उपसायचा डबा आणि औषधपेटी २,९००. एकूण ५९,०००, म्हणजे माणशी ११,८००. चांगल्या मोबाइलपेक्षा कमी, म्हणून सगळे पटकन हो म्हणाले. इथे एक सल्ला. एखाद्या मित्राचे पैसे दुसऱ्याने 'नंतर दे' म्हणून भरले असतील तर होडी घेऊ नका. तो मित्र मनातून कधी मालक होत नाही आणि भरणारा कधी विसरत नाही.

दुरुस्ती घरी करणार असाल तर

रेझिन आणि फायबरची मॅट मकरपुरा जीआयडीसीच्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीच्या, बाजूला सहज मिळते. खराब जागा पॉलिश पेपरने घासून दोन-तीन इंच बाहेरपर्यंत खडबडीत करायची, पुसून कोरडी करायची, मग रेझिनमध्ये भिजवलेले मॅटचे तुकडे एकावर एक, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा मोठा. रोलरने बुडबुडे काढायचे. घासताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, चष्मा आणि चांगला मास्क घाला. फायबरची धूळ अंगाला दोन दिवस टोचते, आणि छातीत गेलेली तर आणखीच वाईट.

एक धोका मोठ्या अक्षरांत लिहावा असा आहे. दुकानदार रेझिनसोबत दोन बाटल्या देतो. एक जांभळट कोबाल्ट आणि एक पाण्यासारखा हार्डनर. या दोन्ही थेट एकमेकांत *कधीही* मिसळायच्या नाहीत, भडका उडू शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग वेगळ्या मापाने हार्डनर, किलोला साधारण १० ते २० मिली. उन्हाळ्यात रेझिन भांड्यातच दगड होतं, म्हणून हे काम डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी काढा, आणि एका वेळी अर्ध्या किलोपेक्षा जास्त कालवू नका.

२०२३ चा सप्टेंबर

पहिल्या वर्षी आमच्याकडे वही नव्हती, व्हॉट्सॲप ग्रुप होता. पावसाळ्याआधी होडी शहरात आणायची असं ठरलं होतं. ती जूनमध्ये आली नाही, जुलैत आली नाही. काकांनी ती घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर ओढून लोखंडी कडीला बांधली होती, त्यावर आम्ही निवांत होतो.

१६ सप्टेंबर, शनिवार. मंगळवारी गणपती बसणार, प्रत्येकाच्या घरी मखराची घाई. संध्याकाळी बातमी आली की धरण १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीकडे आहे आणि दरवाजे उघडताहेत. ग्रुपवर त्या रात्री ४३ मेसेज पडले. 'कोणीतरी काकांना फोन करा रे' हे वाक्य त्यात तीनदा आहे. फोन एकानेही केला नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने केला असेल.

रविवारी धरणातून सुमारे १८ लाख क्युसेक पाणी सुटलं. चांदोद आणि शेजारच्या करनाळीत पाणी घरांत शिरलं. मल्हारराव घाटाच्या पायऱ्या कुठे संपतात आणि गाव कुठे सुरू होतं, ते कळत नव्हतं. आमची होडी गुरुवारी सापडली, केळीच्या आडव्या झालेल्या बागेत, वाहून आलेल्या बाभळीखाली, मागची फळी उभी फुटलेली.

काकांच्या घरात गुडघाभर गाळ होता. त्यांची स्वतःची एक नावडी गेली होती. तरी आम्हाला बघून त्यांनी आधी आमची होडी कुठे आहे ते सांगितलं. मग म्हणाले, "भाई, तुमच्यातल्या एकाचा जरी फोन आला असता तरी रात्री वर गल्लीत ओढली असती. पाचांत मी कोणाला विचारायचं?" आम्ही दोन दिवस फावडी घेऊन त्यांच्या घरातला गाळ काढला. होडीला तिसऱ्या दिवशी हात लावला. त्या दोन दिवसांत आमच्या पाच जणांत फारसं बोलणं झालं नाही.

तिथून पुढची सगळी व्यवस्था काकांच्या त्या प्रश्नावर उभी आहे.

महिन्याचा मुकादम आणि तासांची वही

दर महिन्याला एक जण मुकादम. त्याचं नाव आणि नंबर घाटावर काकांकडे कागदावर लिहून दिलेला. त्या महिन्यात होडीचं जे काही असेल, ते त्याने *करायचं किंवा करवून घ्यायचं*. दर रविवारी रात्री काकांना एक फोन, काम असो नसो. बाहेरगावी जाणार असेल तर त्याने स्वतः बदली माणूस ठरवून काकांना कळवायचं. ग्रुपवर 'कोणीतरी' हा शब्द लिहायला आम्ही बंदी घातली. नाव घेऊन सांगायचं.

आणि एक साधी दोनशे पानी वही. तिच्यात पैशांबरोबर तास लिहायचे. तारीख, नाव, काम, किती वेळ. तळ घासून शेवाळ काढणं, वल्ह्यांना जवसाचं तेल लावणं, दोराची घासलेली जागा कापून नवी गाठ मारणं, जॅकेटं धुऊन सावलीत वाळवणं, होडीतलं पाणी काढायच्या भोकाच्या बुचाचं रबर बदलणं. प्रवासाचे तास धरायचे नाहीत, होडी वल्हवण्याचे तर नाहीतच. वर्षाला साधारण १२० तासांचं काम निघतं, माणशी २४. तासाचा भाव आम्ही १०० रुपये ठरवला. मागच्या एका वर्षी एकाचे ४१ तास भरले, दुसऱ्याचे ६. पहिल्याला १,७०० रुपये मिळाले, दुसऱ्याने १,८०० भरले.

मित्रांत तासांचे पैसे लावायचे, हे ऐकून सुरुवातीला मलाही बरं वाटलं नव्हतं. पण ज्याला नोकरीमुळे खरंच वेळ नाही, तो आता पैसे भरून ताठ मानेने येतो. आणि जो राबतो, त्याच्या मनात काही साठत नाही. आधी हे दोघंच एकमेकांशी सर्वांत जास्त तुटक वागायचे.

पैशांची बाजू पटकन सांगतो. माणशी महिना ५०० रुपये, वर्षाचे ३०,०००. त्यातून घाटावर बांधण्याचे आणि लक्ष ठेवण्याचे काकांना महिना ८०० प्रमाणे ९,६००, पावसाळ्याच्या दोन फेऱ्यांचं टेम्पोभाडं ७,०००, रंगरंगोटी ४,५००, किरकोळ दुरुस्ती ३,०००. उरलेले ५,९०० शिल्लक. शिलकीला हात लावायचा तर तिघांची संमती हवी. होडी भाड्याने द्यायची नाही, ओळखीतसुद्धा नाही. भाडं घेतलं की तो धंदा होतो आणि त्याचे नियम वेगळे.

होडी १५ जूनच्या आत शहरात येते आणि कोजागिरीनंतर पाण्यात जाते. शहरात ती टायरांवर पालथी, बूच काढून, वर ताडपत्री. मधल्या आठ महिन्यांत साधारण ३५ रविवार मिळतात, माणशी सात. ज्याची पाळी त्याने गुरुवारी रात्रीपर्यंत हो-नाही सांगायचं, नाही सांगितलं तर पाळी पुढच्याची. अमावास्येला कुबेरभंडारीच्या दर्शनाला करनाळीला मोठी गर्दी असते. त्या दिवशी नदी नाविकांच्या पोटापाण्याची, आपण जायचं नाही.

जॅकेट

पहिल्या वर्षी आम्ही लाइफ जॅकेटं बसायला घ्यायचो. हे लिहिताना लाज वाटते. १८ जानेवारी २०२४ ला आमच्याच शहरात, हरणीच्या तलावात सहलीची होडी उलटली. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. होडीत क्षमतेपेक्षा जास्त जण होते आणि अनेक मुलांच्या अंगात जॅकेट नव्हतं. आमच्यातल्या एकाची भाची त्याच वयाची आहे. त्या रविवारी कोणी चांदोदला गेलं नाही. वहीच्या पहिल्या पानावर मात्र तेव्हापासून दोन ओळी आहेत. घाटाच्या शेवटच्या पायरीवर पाय ठेवण्याआधी जॅकेटचे सगळे पट्टे लागलेले हवेत. आणि चारावर पाचवं माणूस नाही, लहान मूलही पूर्ण माणूस धरायचं.

जॅकेट घेताना आतल्या पट्टीवर न्यूटनचा आकडा, म्हणजे तरंगत ठेवायची ताकद, बघा. ५० हे चांगल्या पोहणाऱ्यासाठी आणि मदत जवळ असेल तेव्हाच. आम्ही १०० ची घेतली. घालून पट्टे आवळा, दुसऱ्याला खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. हनुवटीपर्यंत सरकलं तर ते तुमच्या मापाचं नाही. दर वर्षी ते घालून पाण्यात उतरून पाहा. आम्ही लालबागच्या तलावात, म्हणजे पोहण्याच्या तलावात, पाच जणांची परीक्षा ठेवली होती. अंगावर कपडे असताना ५० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं नुसतं तरंगणं. दोघं नापास झाले. त्यांनी दोन महिने शिकवणी लावली, तोवर त्यांची पाळी थांबवली. कोणी रागावलं नाही.

पुरात होडी काढायची का

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी २६ आहे. होडी तेव्हा शहरातच होती, समा भागात. दोन दिवस आम्ही ती गल्लीत वापरली, दूध, औषधं आणि एका आजींना वरच्या मजल्यावरून खाली आणण्यासाठी. अरुंद गल्लीत वल्हं फिरत नाही, लांब बांबू लागतो. पाण्याखालचे गेटचे भाले आणि दुचाक्यांचे आरसे दिसत नाहीत, म्हणून एकाने पुढे बसून काठीने चाचपत राहायचं. वीज बंद केल्याची खात्री करून घ्यायची. पाणी वाहतं असेल तिथे जायचं नाही. मुख्य रस्ता ओलांडायचा नाही, कारण पुरात मगरीही रस्त्यावर येतात. ते काम अग्निशमन दलाचं आणि एनडीआरएफचं. असं वापरलेल्या होडीचा तळ नंतर पुन्हा नाण्याने ठोकून बघा. आमच्या होडीत तीन नव्या थप्प जागा निघाल्या.

बाहेर पडणाऱ्याचा हिशेब

हे पहिल्याच दिवशी लिहा, स्टॅम्प पेपरवर, नोटरीपुढे. या वयात कोणी पुण्याला जातो, कोणी कॅनडाला, कोणाचं लग्न ठरतं. आम्ही दर कोजागिरीला दुधाबरोबर वही काढतो. तासांचा निकाल लावतो आणि होडी आज विकली तर किती येतील तो आकडा पाच सह्यांनी लिहितो. २०२४ ला तो ४०,००० होता. त्या वर्षी एक जण कॅनडाला गेला. त्याला ८,००० आणि शिलकीचा पाचवा भाग, तीन महिन्यांत. भाव आधीच लिहिलेला असल्यामुळे विमानतळावर निरोप देताना पैशांचा विषय निघाला नाही. जाणाऱ्याने आपला हिस्सा परस्पर बाहेरच्याला विकायचा नाही. नवा माणूस उरलेल्या चौघांना पसंत हवा आणि आधी तीन महिने उमेदवार म्हणून यायला हवा.

आमचा नवा पाचवा असाच आला. उमेदवारीत त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत, फक्त तास. पहिल्या रविवारी त्याला नदीवर नेलंच नाही. होडी विटांवर ठेवली, आत चार बोटं पाणी भरलं, हातात पेन्सिल दिली आणि खाली कागद पसरून बसायला सांगितलं. दीड तासाने त्याने बुचाच्या डाव्या अंगाला एक ठिबक शोधली, जी आम्हा चौघांना दोन वर्षांत दिसली नव्हती. वहीत त्याच्या नावापुढे पहिली नोंद तीच आहे.